सदरभाऊ आणि सुनेची फाईल

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले सहादू पगारे बोलताना 'हा', 'ही', 'हे' वापरत नाहीत, 'सदर' वापरतात. "मॅडम, सदर दूधवाला पाणी घालतो," असं ते जिन्यात उभं राहून मला सांगतात, तेव्हा सदर दूधवाला दोन पायऱ्या खाली उभा असतो. पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होताना लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात, हे ऑफिसची भाषाही घेऊन आले. जेलरोडच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे सदरभाऊ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे भाऊंनी तोंड उघडलं की माझं डोकं उठायचं. पण माणूस सरळ. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि ती सांगितल्याशिवाय ते कुणाच्याही घरचा चहा पीत नसत. त्यांनी तयार केलेला पेन्शनचा एकही प्रस्ताव वरच्या कार्यालयातून त्रुटी लागून परत आलेला नव्हता. लोकांच्या जन्मतारखा चुकीच्या निघाल्या, दोन दोन बायका निघाल्या, पण भाऊंच्या प्रस्तावात त्रुटी निघाली नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा राकेश कॅनडात फ्रीजची दारं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याची बायको तेजल. ती शोधली भाऊंच्या बायकोने, चांगुणावहिनींनी. आजारपणात त्यांना सारखं रक्त तपासायला जावं लागायचं, आणि तिथल्या लॅबमध्ये ही तेजल टेक्निशियन होती. "हिची सुई लागत नाय, हीच पोरगी बघा," असं वहिनींनी भाऊंना सांगून ठेवलं. त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी भाऊंनी ते लग्न करून दिलं. राकेशला एक महिन्याची रजा होती. ती संपल्यावर तो विमानात बसला, आणि तेजल सासऱ्याजवळ राहिली, बोलावण्याचे कागद होईपर्यंत. कागद होईपर्यंत म्हणजे किती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन खोल्यांच्या त्या घरात सासरा आणि सून दोघंच. पण त्यांचं बरं जमलं. तेजल लॅबमधून आली की भाऊंच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि भाऊ दुसरीकडे बघत बसायचे. साखर उतरत चालली होती, कारण भाऊ सकाळी फिरायला जायला लागले होते. कसे, तर पाऊस असो, थंडी असो, बिटको चौकापर्यंत जाऊन यायचे. आमच्या सोसायटीत त्याची चेष्टा व्हायची. एकदा धो धो पावसात छत्री घेऊन निघालेले बघून मी म्हटलं, "भाऊ, आज तरी राहू द्या." तर म्हणाले, "सदर व्यायामात खंड नको." डॉक्टरांनी बाकीच्या पेशंटांना त्यांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. तेजलने तर पहिल्या पगारवाढीत त्यांना पांढरे बूट आणले.

व्हिसाचं काम आधी कॉलेज रोडच्या एका एजंटाकडे दिलं होतं. ललित नावाचा तरुण मुलगा, एसीत बसणारा. तो म्हणाला, "अंकल, लग्नाचे फोटो द्या. मेंदी, सात फेरे, मंगळसूत्र. साहेबाला फेरे दिसले पाहिजेत."

"आमच्यात फेरे नसतात," भाऊ म्हणाले. "आमचा मंगल परिणय असतो. त्रिशरण, पंचशील, मग वधूवरांची प्रतिज्ञा, मग पुष्पहार. संपलं."

"मग निदान फेऱ्यांसारखं काहीतरी? हॉलमध्ये परत उभं राहून एखादा फोटो..."

भाऊ उठले, फाईल उचलली आणि घरी आले. खोटा कागद प्रस्तावाला लावायला सांगणारा माणूस त्यांच्या लेखी त्या दिवशीच संपला. राकेशला त्यांनी फोनवर कळवलं की सदर काम आता आपण स्वतः हाती घेतलं आहे. राकेशने कपाळाला हात लावला असणार, पण बापाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

मग सुरू झाली ती फाईल. मी आयुष्यात बरेच छंदिष्ट पाहिले, पण कागदाला भोक पाडताना इतका आनंदलेला माणूस पाहिला नाही. मेन रोडवरून त्यांनी लाल टॅग आणले. लग्नाचा दाखला परिशिष्ट अ, पोलिसांचा दाखला परिशिष्ट ब, असं करत करत ते परिशिष्ट ढ पर्यंत गेले. लग्नाच्या प्रत्येक फोटोमागे त्यांनी लिहिलं, 'सदर छायाचित्रात उजवीकडून दुसरा इसम वर आहे.' बापाने मुलाचा इसम केलेला मी प्रथमच पाहिला. तेजलने हळूच सांगितलं की पप्पा, हे सगळं मी स्कॅन करून वेबसाइटवर टाकणार आहे, टॅग तिकडे दिसणार नाही. तर म्हणाले, "टाक. पण टाकल्यावर पोच कोण देणार?"

सगळं झालं, पण एक गोष्ट अडली. नवराबायकोचं नातं खरं आहे याचे पुरावे हवे होते. एकत्र फोटो महिन्याभराचेच. दोघं रोज बोलायची ती व्हिडिओवर, त्याचं मागे काही उरत नाही. लिहून पाठवायची ते फक्त 'पोचलो' आणि 'जेवलीस का'. तेजलने ते मेसेज छापून भाऊंपुढे धरले, तर त्यांनी मान फिरवली. "नवराबायकोचं बोलणं मी कशाला वाचू? पाकिटात घाल." त्या पाकिटावर त्यांनी 'गोपनीय' लिहिलं. आत 'जेवलीस का' होतं.

मग उरली ओळखीपाळखीच्या माणसांची पत्रं. आम्ही या दोघांना ओळखतो, लग्नाला होतो, यांचं खरंच चांगलं चाललं आहे, असं लोकांनी लिहून द्यायचं. भाऊंचे डोळे चमकले. हे तर त्यांचं घरचं काम होतं. त्यांनी एका बैठकीत मजकूर तयार केला:

'मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की, चि. राकेश व चि. सौ. कां. तेजल यांचा मंगल परिणय माझ्या समक्ष संपन्न झालेला असून सदर विवाह खरा आहे. सदर पती-पत्नी एकमेकांशी प्रेमाने वागत असल्याचे माझ्या निदर्शनास आलेले आहे. करिता सदर दाखला देण्यात येत आहे.'

याच्या अकरा प्रती काढल्या. एक सटाण्याला त्यांच्या बहिणीला, कुसाबाईंना गेली. एक ऑफिसातले मित्र हिरामण यांना. एक माझ्याकडे आली. मी वाचली आणि माझ्यातली परीक्षक जागी झाली. वर्गात अशी एकसारखी उत्तरं आली की मी सगळ्यांना भोपळा द्यायची.

"भाऊ, सगळ्यांचं अक्षरशः सारखं कसं चालेल? प्रत्येकाने आपापलं लिहायला नको का?"

भाऊंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "मॅडम, तुम्ही शाळेत होतात. जबाबात एका शब्दाचा फरक पडला की चौकशी लागते. साक्षीदार सारखं बोलले म्हणजे प्रकरण खरं."

त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मी सही करून मोकळी झाले. कोर्टासमोरच्या भाषांतरवाल्याने एकाच मजकुराचं इंग्रजी केलं, नावं बदलून अकरा वेळा छापलं, आणि असं सोपं गिऱ्हाईक रोज येवो म्हणून चहा पाजला. फाईल रवाना झाली. भाऊंनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं की सदर प्रकरणी आता काही राहिलेलं नाही.

नंतर बरेच महिने गेले. तेजल रोज सकाळी फोनवर बोलायची, मग लॅबला जायची. राकेशच्या कारखान्यात दारांचा नवा साचा आला, तेजलच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं, आणि अर्ज होता तिथेच होता.

एका दुपारी तेजल लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. मला हाक मारून त्यांच्या घरात घेऊन गेली. व्हिसावाल्यांचा मेल आला होता. ती मराठीत सांगत गेली. सादर केलेली सगळी निवेदनं शब्दशः सारखी आहेत. ती त्या माणसांनी स्वतः लिहिलेली वाटत नाहीत. पतीपत्नीचा सहवास अल्प आहे. हे लग्न निव्वळ देशात प्रवेश मिळवण्यासाठी झालेलं नाही, अशी खात्री पटत नाही. एका महिन्यात म्हणणं मांडावं, नाहीतर अर्ज नाकारण्यात येईल.

नाकारला तर अपील, आणि अपिलाला वर्षंच्या वर्षं. हे तेजलने सांगितलं नाही, पण आम्हा तिघांना ते माहीत होतं.

"म्हणजे त्रुटी लागली," भाऊ म्हणाले. एवढंच म्हणाले.

मला आधी त्या तिकडच्या साहेबाचा राग आला, मग भाऊंचा आला. तेजल मात्र त्यांना एक शब्द बोलली नाही. तिने चहा टाकला, त्यांच्या कपात साखर घातली नाही, आणि कप पुढे ठेवून आत गेली. बोलला तो राकेश. फोनवरून त्याचा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला, "पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं यात पडायला? ललितला पैसे दिले असते तर आज तेजल इथे असती." त्यानंतर दोन-तीन दिवस त्यांच्या तोंडून 'सदर' आलं नाही. दूधवाला सरळ 'हा दूधवाला' झाला. तो बिचारा मला विचारायला लागला की भाऊंची तब्येत बरी आहे ना.

शेवटी मीच पदर खोचला. म्हटलं, हा पेपर आता मी काढणार. नियम एकच, ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं आणि दुसऱ्याचं बघायचं नाही. हिरामण यांनी दोन पानं लिहून पाठवली. त्यातलं दीड पान जेवणात जिलबी कमी पडल्याबद्दल होतं, पण शेवटी लिहिलं होतं की जिलबी संपल्यावर नवऱ्या मुलाने आपल्या ताटातली बायकोच्या ताटात टाकली, ते मी पाहिलं. कुसाबाईंना लिहिता येत नाही. त्या फोनवर आपल्या बोलीत सांगत गेल्या आणि तेजलने जसंच्या तसं उतरवलं. "लगीन खरं शे का, हाई काय इचारानी गोट शे? मी सोता हळद लायेल शे. पोऱ्या जावाले निंघना तवय सून रडनी नही, पोऱ्याच रडना." निघताना राकेश रडला होता, हे तेजलने लिहून घेतलं आणि मग बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. तिला ते माहीत नव्हतं. ती तेव्हा गाडीत बॅगा ठेवत होती.

मी माझं लिहिलं. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती भिंत बिल्डरने फार मन लावून बांधलेली नाही. त्यामुळे मी लिहिलं की ही दोघं फोनवर कडकडून भांडतात. तो डबा न नेता कामावर जातो म्हणून ती भांडते, ती रात्रपाळी घेते म्हणून तो भांडतो. कागदापुरतं लग्न केलेली माणसं डब्यावरून इतकं भांडत नाहीत, असं माझं मत आहे. भाषांतरवाला या वेळी वैतागला. म्हणाला, प्रत्येकाचं वेगळंच आहे की हो.

राहिले भाऊ. त्यांचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण सुनेबरोबर एका घरात राहणारा साक्षीदार तो एकच. त्यांनी कागद घेतला, 'सदर' लिहिलं आणि फाडला. दुसरा घेतला, 'उपरोक्त विषयान्वये' लिहिलं आणि फाडला. असं चार दिवस चाललं. मुदत संपत आली. शेवटी एका रविवारी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. तेजल आत पोळ्या लाटत होती.

"भाऊ, लिहू नका. मी विचारते, तुम्ही सांगा. ही दोघं रोज बोलतात?"

"रोज. सकाळी. तिकडे त्याचं रात्रीचं जेवण झालेलं असतं."

"काय बोलतात?"

"ते मला माहीत नाही."

"थोडं तरी कानावर आलं असेल की."

"एकदाही नाही, मॅडम."

माझ्या हातातलं पेन थांबलं. घरचा साक्षीदार, आणि त्याने दोन वर्षांत एकदाही नवराबायकोला बोलताना ऐकलं नाही. हे लिहिलं असतं तर अर्ज त्याच दिवशी निकालात निघाला असता. मी भिंतीपलीकडून भांडणं ऐकते आणि हे घरात राहून ऐकत नाहीत म्हणजे काय. मी जरा चिडूनच विचारलं, "मग तुम्ही असता कुठे?"

"फिरायला," भाऊ म्हणाले.

"रोज नेमके तेव्हाच?"

भाऊंनी टेबलावरचा कागदाला भोकं पाडायचा पंच पुढे ओढला. मग तो उघडायला आणि मिटायला लागले. "घर दोन खोल्यांचं. दार लावून घेतलं तरी आवाज येतो. सासरा बाहेर बसलाय म्हटल्यावर पोरगी नवऱ्याशी मोकळं काय बोलणार? ती नुसतं हो, नाही, जेवले, एवढंच म्हणायची, ते काही बोलणं नव्हे. मी सुरुवातीला पाहिलं ना. फोन वाजला की मी बूट घालतो."

आतलं लाटणं थांबलं होतं. भाऊंच्या ते लक्षात आलं नाही.

"पावसात?" मी विचारलं.

"पावसात बिटकोला एका बंद दुकानाच्या शेडखाली उभा राहतो. परत आलो की आधी फाटकातून वर बघायचं. गॅलरीचं दार उघडलेलं असलं म्हणजे फोन संपला. मग वर यायचं. कधी ती गॅलरीत उभी असते आणि डोळे पुसत असते. तेव्हा मी अजून एक चक्कर मारतो. लगेच वर गेलो तर तिला तोंड धुवायलाही वेळ मिळणार नाही."

"आणि साखर?"

"साखर आपली आपण उतरली," भाऊ म्हणाले. "मी साखरेसाठी कधी गेलो नाही. मला चालायचा कंटाळा आहे."

तेजल दारात येऊन उभी होती. हाताला पीठ तसंच. आपण ज्या बुटांचं कौतुक करत आलो ते बूट कशासाठी झिजत होते, हे तिला तेव्हा कळलं. "पप्पा," ती म्हणाली, आणि मनगटाने डोळे पुसायला लागली. भाऊ मात्र घाबरले. आपल्या हातून आणखी एक त्रुटी झाली असं त्यांना वाटलं असावं.

"हे उपयोगाचं नाही ना, मॅडम? ऐकीव माहितीही नाही यात. मी काहीच पाहिलेलं नाही."

"भाऊ, मी हेच लिहिणार आहे. एकही शब्द बदलणार नाही."

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "शेवटी एखादं 'सदर' घातलं तर चालेल?"

मी घालू दिलं. शेवटचं वाक्य असं झालं, 'सदर दोघे रोज बोलतात, हे मला माझ्या बुटांवरून माहीत आहे.' मी जन्मभर मराठी शिकवलं, पण 'सदर' इतकं नीट बसलेलं वाक्य मला कधी सुचलं नसतं.

पत्रं गेली. पुढे काही आठवड्यांनी मंजुरी आली. भाऊंनी सोसायटीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की प्रकरण निकाली निघालं. राकेशचाही फोन आला. त्याच्याकडेही बापाचं ते पत्र गेलं होतं. काय बोलला ते मला कळलं नाही, कारण या वेळी मीही उठून गॅलरीत गेले.

तेजल निघाली त्या दिवशी भाऊंनी तिला कागदांचं पाकीट दिलं, वर अनुक्रमणिका. तिने त्यांना साखर बघायचं मशीन दिलं, आणि आपला जुना फोनही दिला, कारण भाऊंकडे साधा बटणांचा होता आणि त्यावर चेहरा दिसत नाही. तो फोन तिने टेबलावर नेहमीच्या जागी चार्जिंगला लावून ठेवला. गाडीत बसायच्या आधी ती वाकली, तर भाऊंनी तिला मध्येच धरलं. म्हणाले, "डबा नेत जा म्हणावं त्याला." गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ते लगेच वर आले नाहीत. खाली पार्किंगमध्ये उगाच कुणाच्या तरी स्कूटरची धूळ पुसत राहिले.

ती पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी शेजारच्या घरात फोन वाजला. तीच धून, तीच वेळ. मी दूध घ्यायला दार उघडलं, तर भाऊ पांढरे बूट घालून, छत्री घेऊन, लगबगीने जिना उतरत होते. घरात फोन वाजतच होता.

"भाऊ," मी वरून हाक मारली, "तो फोन तुमचा आहे."

ते मधल्या पायरीवर थांबले. वर माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या छत्रीकडे. मग एकेक पायरी चढून वर आले आणि बूट न काढताच आत गेले. आमच्या त्या पातळ भिंतीतून मला भाऊंचं बोलणं ऐकू आलं. तेजलने विचारलं असणार, पप्पा, फिरायला गेला होतात का.

"नाही गं," भाऊ म्हणाले. "घरीच आहे. आता कुठे जायचंय."